पर्वतेश्वर रोज धावत का येत असे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की घराघरांतून, मठामंदिरांतून श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. सात दिवसांच्या वाचनात सत्तेचाळिसावा अध्याय शेवटच्या दिवशी येतो. त्या दिवशी घरात काय चाललेले असते ते आपण सगळेच जाणतो. आत नैवेद्याची गडबड, घेवड्याच्या भाजीला दिलेली फोडणी, दारात पाहुणे, आणि वाचणाऱ्याचा एक डोळा घड्याळाकडे. वाचनाचा वेग आपोआप वाढतो. बिचारा पर्वतेश्वर शेतकरी त्या घाईत येतो आणि जातो. मागे लक्षात राहते ते एवढेच, की कापलेल्या धाटाला अकरा अकरा फुटवे आले आणि पीक शतपट झाले.

मीही हा अध्याय असाच वाचत आलो. नुसता वाचला असता तर एक वेळ चालले असते. पण शिरोळ तालुक्यातल्या आमच्या भागात सप्ताहाला निरूपण करायला उभा राहून पंचवीस-तीस वर्षे तो लोकांना सांगत आलो. प्राथमिक शिक्षकाची नोकरी केलेली, त्यामुळे बोलण्याची सवय दांडगी. अकरा फुटव्यांपाशी आलो की माझा आवाज चढायचा, समोरच्या आयाबाया हात जोडायच्या. आणि २०१९ च्या ऑगस्टनंतर हाच अध्याय मला तीन महिने उघडवेना. म्हणून पोथीतली गोष्ट आणि आमच्या घरची गोष्ट दोन्ही मिळून लिहितो. आता मला ती वेगळी करता येत नाहीत.

आधी पोथीतली बघू. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरास असताना रोज अनुष्ठानासाठी भीमा-अमरजेच्या संगमावर जात. वाटेत एका शेतकऱ्याचे शेत होते. स्वामी दिसले की हा हातातले काम टाकून धावत यायचा, साष्टांग नमस्कार घालायचा आणि परत कामाला लागायचा. मध्यान्ही स्वामी मठाकडे परतले की पुन्हा धावत यायचा, पुन्हा नमस्कार. असे पुष्कळ दिवस चालले. तो काही मागत नव्हता, स्वामीही काही बोलत नव्हते. मग एक दिवस स्वामींनीच हसून विचारले, की बाबा रे, एवढे कष्ट घेतोस, तुझ्या मनात आहे तरी काय? तेव्हा तो म्हणाला, शेत पिकाला आले आहे, एकदा आपल्या नजरेने पाहावे. मी हलक्या जातीचा म्हणून मला दूर करू नये.

स्वामींनी शेत पाहिले. जोंधळा उभा होता, अजून पक्व व्हायचा होता. स्वामी म्हणाले, माझ्या शब्दावर विश्वास असेल तर एक सांगतो. मी संगमावरून परत येईपर्यंत हे सगळे कापून टाक.

इथे जरा थांबा. सप्ताहात आपण इथे थांबत नाही. उभे पीक कापणे म्हणजे काय हे ज्याच्या घरी शेती आहे त्यालाच कळेल. शेत त्याने अधिकाऱ्याकडून खंडाने घेतलेले. म्हणजे पीक येवो न येवो, खंड द्यायचाच. हा गावात गेला, अधिकाऱ्याला भेटला आणि कापणीची परवानगी मागितली. गतवर्षीच्या दुप्पट धान्य देण्याची बोली केली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. गुरूंनी सांगितले म्हणून त्याने दुसऱ्याच्या हक्काचे बुडवले नाही. श्रद्धा त्याची होती, तिची किंमतही त्याने स्वतःच्याच कणगीतून मोजायची तयारी ठेवली. आपल्यात काही मंडळी देवावर भार टाकतात आणि सोसायटीचा हप्ता थकवतात. त्यांनी या ठिकाणी बोट ठेवून वाचावे.

घरच्यांनी मात्र आकांत केला. बायकोमुले आडवी आली, तेव्हा त्याने त्यांना मारून बाजूला केले असे पोथीत आहे. हे मला कधीच आवडलेले नाही, आणि निरूपणात मी ते गाळत असे हेही कबूल करतो. वर्षाचे अन्न डोळ्यांदेखत कापले जात असताना त्या माउलीने ओरडू नये तर काय करावे? ती राजद्वारी फिर्याद घेऊन गेली, यातही तिचे काय चुकले? पुढे सगळे नीट झाल्यावर तिने नवऱ्याची क्षमा मागितली आणि दोघांनी जोडीने जाऊन स्वामींची पूजा केली. स्वामींनी तिला एका शब्दाने दुखावले नाही. अठराव्या अध्यायात अमरापुरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल स्वामींनी उपटून टाकला, तेव्हाही घरधनीण रडली, नाही नाही ते बोलली. नवऱ्याने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढायला खणले, तर द्रव्याचा कुंभ लागला. तो कुंभ दोघांना मिळाला. रडणारीला वगळून मिळाला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

दुपारी स्वामी परतले, तर शेत मोकळे. स्वामी म्हणाले, अरे, मी सहज थट्टेने बोललो, तू खरेच कापलेस! आता खाशील काय? बघा, घाव घालून वर मीठ चोळल्यासारखे हे बोलणे. दुसरा कोणी असता तर तिथेच कोसळला असता. हा म्हणाला, आपला शब्द हीच माझी कामधेनू. आणि घरी गेला. आठ दिवसांनी गार वारा सुटला, गावातली उभी पिके नासली. मग अवेळी मूळ नक्षत्रात पाऊस झाला आणि याच्या कापलेल्या बुडख्यांना फुटवे आले.

ही झाली पोथीतली गोष्ट. आता आमची.

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर महाराजांचे स्थान आहे. पावसाळ्यात कृष्णामाई चढते, देवळात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. तो दक्षिणद्वाराचा सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून लांबून माणसे येतात. आमच्या नदीकाठच्या लोकांचे मात्र या सोहळ्याच्या वेळी असे असते, की एक हात जोडलेला आणि दुसऱ्या हाताने दावी सोडायची तयारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सोहळ्यापुरते थांबले नाही. देऊळ पाण्यात गेले, वाडीत नावा फिरल्या, आणि आसपासच्या गावांसारखे आमचे गावही अर्ध्याहून जास्त बुडाले. आम्ही एका शाळेत मुक्कामाला गेलो. घराची मागची भिंत पडली. दोन एकर ऊस बरेच दिवस शेंड्यावरून पाण्याखाली राहिला.

पाणी उतरल्यावर शेतात गेलो. वास विचारू नका. शेंडे कुजले होते. आणि थोड्या दिवसांनी उसाच्या कांड्यांवर डोळे फुटू लागले. एकेका उसाला चार-चार, पाच-पाच. शेती न करणाऱ्याला वाटेल, वा, फुटवे आले! त्या पांगशा. शेंडा मेला की ऊस असा बाजूने फुटतो; वजन घटते, उतारा पडतो, कारखाना असला ऊस नाखुशीनेच घेतो. बांधावर उभा राहून मी ते बघत होतो आणि डोक्यात एकच आले, की तीस वर्षे लोकांना अकरा फुटवे सांगितलेस मास्तर, हे घे तुझे फुटवे.

त्या दिवसापासून पोथी कपाटातून बाहेर काढली नाही. देवावर रागावलो होतो असेही म्हणता येत नाही. रागवायलाही ओळख लागते. मला आत नुसते कोरडे वाटत होते. तेव्हा कळले की माझी महाराजांच्या गोष्टींशी ओळख होती, महाराजांशी नव्हती.

आमच्या आईला अक्षरओळख नाही. तिने गुरुचरित्र कानांनी ऐकले, तेही भाकऱ्या थापता थापता. पण तिची महाराजांशी दिवसभर बोलणी चालू असतात. लहानपणापासून आम्ही ते ऐकत आलो, हसतही आलो. चूल पेटवताना, “दत्ता, लाकडं वली हायती बघ, जरा फुंकर घाल.” म्हैस व्यायला झाली की रात्रभर गोठ्यात बसून, “जागा हाईस न्हवं?” आमची थोरली बहीण गेली तेव्हा मात्र महिनाभर ती महाराजांशी बोलली नाही. उदबत्ती लावायची आणि पाठ फिरवायची. मग एक दिवस तिन्हीसांजेला तसबिरीसमोर बसली आणि खूप बोलली, खूप रडली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाकडांची तक्रार सुरू.

पुराच्या वेळी शाळेच्या वर्गात बाकांवर अंथरूण टाकून आम्ही बसलो होतो. वाडीचे देऊळ पाण्यात गेल्याची बातमी आली. कोणीतरी वैतागून म्हणाले, “देवालाच स्वतःला वाचवता येईना, आपल्याला काय वाचवणार?” सगळे गप्प. आई कोपऱ्यातून म्हणाली, “त्येच्या घरात पानी, आपल्या घरात पानी. त्यो काय माळावर जाऊन बसलाय व्हय?” आणि मग छताकडे बघून, रागानेच, “पर लई झालं बग हे. आता आवर.”

मी तेव्हा या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. म्हातारीचे बोलणे म्हणून सोडून दिले. पण बांधावरून परत आल्यावर, रात्री झोप लागेना तेव्हा, ते बोलणे परत परत कानात येऊ लागले. तिचे नुकसान माझ्यापेक्षा कमी नव्हते. पडलेली भिंत तिच्या हयातीत उभी राहिलेली, तिने स्वतः शेणामातीने सारवलेली. तरी तिचे बोलणे तुटले नाही. माझे तुटले, कारण ते मुळात जोडलेलेच नव्हते.

मार्गशीर्ष आला. सप्ताहाला निरूपणाचे बोलावणे आले, ते नाकारले. पण वाचन ऐकायला मागे जाऊन बसलो. सातव्या दिवशी सत्तेचाळिसावा अध्याय लागला आणि पहिल्यांदाच माझे कान सुरुवातीलाच अडकले. तो रोज धावत येत असे. दोनदा. आणि आपल्या कामातून येत असे, काम संपवून नव्हे.

दत्तभक्तहो, या अध्यायाचा अभ्यास मी इतकी वर्षे उलट्या टोकाकडून केला होता. फुटव्यांवरून विश्वास शिकायला गेलो. पर्वतेश्वराला फुटव्यांचा पत्ताच नव्हता. त्याच्याजवळ काय होते, तर रोजचे धावणे. इतक्या दिवसांत त्याने स्वामींची चाल ओळखली असेल, छाटी लांबून ओळखली असेल, कधी थकलेले दिसतात, कधी प्रसन्न दिसतात हेही त्याला कळत असेल. म्हणून थट्टेने बोललो असे स्वामी म्हणाले तेव्हा तो गडबडला नाही. घरातला बाप चेष्टा करतो की घात करतो हे लेकराला कळते तसे. शेत कापायला लागलेला विश्वास त्या एका दुपारी तयार झाला नाही. तो आधीच थेंब थेंब साचला होता, त्या दुपारी फक्त खर्च झाला. ज्याच्या कणगीत आधी काही साठवलेलेच नाही त्याने दुष्काळात झाकण उघडून काय मिळणार?

आता कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की जवळीक वाढली म्हणजे संकट टळते का? याला मी प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींच्या चरित्राकडे बोट दाखवतो. सिंधुदुर्गातल्या माणगावचे, १८५४ चा जन्म. दत्तप्रभूंशी त्यांच्याइतकी सलगी कोणाची? कुठे जायचे, कुठे राहायचे, चातुर्मास कुठे करायचा, सगळे देवाला विचारून. माणगावात स्वतः उभे केलेले दत्तमंदिर आज्ञा होताच सोडून निघाले, मागे वळून पाहिले नाही. आणि असा हा माणूस संग्रहणीचा त्रास वर्षानुवर्षे सोसत राहिला. १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेडला पत्नी गेली. मग त्यांनी संन्यास घेतला आणि देशभर अनवाणी फिरले. १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. सलगीने दुखणे गेले असते तर त्यांचे आधी गेले असते. पण चरित्र वाचताना एकही पान असे लागत नाही, की जिथे देव आणि ते यांचे बोलणे बंद पडले.

त्यांची करुणात्रिपदी आपण वाडीला रोज सायंकाळी ऐकतो. तिच्याकडे एकदा या दृष्टीने बघा. देव रागावला आहे असे धरून भक्त त्याला शांत व्हायला सांगतो, चुका कबूल करतो, आणि तुझ्याशिवाय आम्ही जायचे कुठे असे विचारतो. परक्या माणसाला आपण असे विचारत नाही. परक्याकडे अर्ज करतो, आणि आपल्या बहुतेकांच्या प्रार्थना अर्जाच्याच नमुन्यातल्या असतात. वर कारण, खाली मागणी, शेवटी नवस. नवस वाईट असे मी म्हणत नाही. आमच्याही घरी बोलले जातात, फेडले जातात. पण वर्षभर ज्याला हाक मारली नाही त्याच्या दारात फक्त नारळ घेऊन उभे राहायचे, आणि काम झाले नाही की दार बदलायचे, याला नाते म्हणत नाहीत.

मग जवळीक करायची कशी? पुष्कळ जण विचारतात, जप किती करू, पारायणे किती करू. जप करा, पारायणे करा, सोवळेओवळे झेपेल तेवढे पाळा. पण सप्ताह सात दिवसांचा आहे, आठव्या दिवशी काय करता ते मला विचारावेसे वाटते. आमच्या आईकडून मी उसने घेतले ते सांगतो. दिवसातली दोन ठिकाणे धरली. सकाळी वैरण टाकताना आणि रात्री दाराला कडी लावताना. तेवढ्यात महाराजांना दिवसातली एक खरी गोष्ट सांगायची. मागायचे नाही, सांगायचे. पहिले कित्येक दिवस मला फार अवघडल्यासारखे झाले. शिक्षक माणूस, त्यामुळे तोंडून भाषणच येई. “हे दयाघना” वगैरे. मग एका रात्री बँकेतून आल्यावर बोललो, “महाराज, आज साहेबानं अर्धा तास उभं ठेवलं. लाज वाटली.” एवढेच. आणि इतक्या वर्षांच्या निरूपणात जे झाले नव्हते ते झाले, कोणीतरी ऐकले असे वाटले.

तक्रार करावी का? करावी. वर ज्या दोन गृहिणी सांगितल्या त्यांना आठवा. गप्प बसून आत कुढणाऱ्यापेक्षा त्याच्याच पायाशी येऊन भांडणारा त्याच्या जास्त जवळ असतो असे माझे मत झाले आहे. कोणाला हा उद्धटपणा वाटेल. वाटो. मात्र भांडून उठून जायचे नाही. आईने महिनाभर पाठ फिरवली, पण उदबत्ती रोज लावली, हे मी विसरत नाही.

आणि देवावर टाकले म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. पर्वतेश्वर विळा घेऊन दुपारपर्यंत राबला, त्याआधी अधिकाऱ्याशी बोली पक्की करून आला. आम्हीही तलाठ्याकडे पंचनाम्याला रांगेत उभे राहिलो, बँकेत हेलपाटे घातले, पांगशांचा ऊस पडेल त्या भावाने घातला. कर्ज फिटायला पुढे बरेच दिवस लागले. अकरा फुटवे आम्हाला आले नाहीत, हे स्पष्ट लिहितो. कोणी तसे समजून हा लेख वाचत असेल तर त्याची फसगत नको.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. या वेळी जरा आधी सावध झालो होतो. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढवत होतो, पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, जनावरे आधीच माळाला पाठवलेली. आई मध्ये पोत्यांवर बसलेली, मांडीवर पोथी, वरून प्लास्टिकचा कागद. ट्रॉली निघाली आणि माझ्याही नकळत मी मोठ्याने बोलू लागलो, “महाराज, म्हशी गेल्या, धान्य घेतलं, कागदपत्रं घेतली, पोथी घेतली. आईचा चष्मा तेवढा राहिला बघा.”

आई कागदाखालून म्हणाली, “चष्मा कमरंच्या पिशवीत हाय माज्या. त्येला उगं कामाला लावू नगंस. पानी किती चढलंय त्ये इचार.”